सी. ए. रिपोर्टला प्रश्न विचारणारे अभ्यासक हवेत

खुनाच्या खटल्याच्या कागदपत्रांत बहुधा शेवटी शेवटी एक-दोन पानांचा कागद लावलेला असतो. महाराष्ट्रात पोलीस आणि वकील त्याला सरसकट ‘सी. ए. रिपोर्ट’, म्हणजे केमिकल अॅनलायझरचा अहवाल, म्हणतात. वर गुन्हा क्रमांक, पोलीस ठाण्याचं नाव, मुद्देमाल कोणी आणून दिला आणि सील शाबूत होतं का याची नोंद. खाली वस्तूंची यादी: शर्ट, पँट, चाकू, मातीचे दोन नमुने. मग निष्कर्ष. वस्तू क्रमांक एक आणि तीनवर मानवी रक्त, गट ‘बी’. वस्तू क्रमांक दोनवरील रक्ताचा गट निश्चित करता आला नाही. त्याखाली सही आणि शिक्का. सही करणारा शास्त्रज्ञ पुष्कळदा न्यायालयात येतही नाही. सरकारी वैज्ञानिक तज्ज्ञाचा अहवाल त्याला साक्षीला न बोलावताही पुराव्यात वाचता येतो, अशी तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ मध्ये होती आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ मध्ये आहे.

या दोन पानांवर माणूस जन्मठेपेला जातो किंवा सुटतो. आता त्या कागदाला थोडे प्रश्न विचारून बघा. ‘बी’ गट भारतात साधारण एक तृतीयांश लोकांचा असतो, मग त्या नोंदीचं वजन किती धरायचं? कोणती चाचणी केली आणि ती किती वेळा चुकते? तपासणाऱ्याला आरोपीचं नाव आणि त्याचा कबुलीजबाब आधीच कळला होता का? मुद्देमाल ठाण्यात किती दिवस आणि कसा पडून होता? आणि न्यायाधीशांनी ‘गट जुळला’ एवढ्या वाक्यातून नेमका काय अर्थ काढला?

हे प्रश्न पद्धतशीर विचारणं, त्यांची उत्तरं मोजून-तपासून शोधणं आणि ती न्यायालयांना समजतील अशा शब्दांत मांडणं, हे आयुष्यभर पुरणारं काम आहे. न्यायसहायक विज्ञान, म्हणजे आपण ज्याला फॉरेन्सिक म्हणतो ते, आणि पुराव्याचा कायदा यांच्या सीमेवर संशोधन व अध्यापन करू इच्छिणाऱ्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. प्रयोगशाळेतली नोकरी हा वेगळा आणि तितकाच मोलाचा रस्ता आहे. तिथे रोज आलेला मुद्देमाल तपासायचा असतो. इथे तपासण्याची रीतच तपासायची असते.

हे काम आज का निकडीचं आहे, ते आधी सांगतो. १ जुलै २०२४ पासून १८७२ चा पुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा आणि त्याचं चित्रीकरण व्हावं, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७६(३) सांगतं. ते लागू करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली आहे. म्हणजे वैज्ञानिक पुरावा आता दुर्मीळ राहणार नाही, तालुक्याच्या पोलीस ठाण्यापर्यंत तो रोजचा होणार आहे. दुसरीकडे, राष्ट्रीय विधी विद्यापीठ, दिल्ली इथल्या ‘प्रोजेक्ट ३९ए’ या गटाने देशातल्या प्रयोगशाळांची पाहणी केली, तेव्हा मंजूर पदांपैकी सुमारे ४० टक्के रिक्त आढळली. काम कित्येक पटींनी वाढणार आणि हात कमी, अशा वेळी चुका कुठे होतील हे कुणीतरी आधी शोधून ठेवायला हवं.

पुराव्याच्या नव्या कायद्यातही मोकळ्या जागा आहेत. तज्ज्ञाच्या मताचं जुनं कलम ४५ आता ३९ झालं आहे आणि त्यात परदेशी कायदा, विज्ञान, कला यांच्या जोडीला ‘इतर कोणतंही क्षेत्र’ असे शब्द आले आहेत. कोणतं क्षेत्र? त्या क्षेत्राची विश्वासार्हता कुणी आणि कशी ठरवायची? अमेरिकेत १९९३ च्या डॉबर्ट निकालाने न्यायाधीशांना त्यासाठी काही कसोट्या दिल्या: पद्धत तपासून पाहता येते का, ती किती वेळा चुकते ते माहीत आहे का, इतर शास्त्रज्ञांनी तिची छाननी केली आहे का. आपल्या कायद्यात अशी चौकट लिहिलेली नाही. तसंच कलम ६३: इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत जोडायच्या प्रमाणपत्राचा एक भाग पक्षकाराने आणि दुसरा ‘तज्ज्ञा’ने भरायचा आहे. हा तज्ज्ञ म्हणजे नेमका कोण, यावर पुढली दहा वर्षं निकाल येत राहतील. पीएचडीचा विषय शोधत असाल तर हे एकच कलम पुरेसं आहे.

या विषयाची गोडी लावायची तर मी विद्यार्थ्यांना जालन्याचा खटला वाचायला सांगतो. २०१४ ची विधानसभा निवडणूक, जालना मतदारसंघ. अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं होतं की, खोतकरांचे उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाले. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात आणि बाहेर कॅमेरे लावलेले होते, चित्रीकरण होतं, त्याच्या सीडी होत्या. अडचण एकच: जुन्या कलम ६५ब नुसार लागणारं प्रमाणपत्र अधिकारी देत नव्हते. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्यांच्या तोंडी साक्षीचा आधार घेऊन ते चित्रीकरण स्वीकारलं आणि निवडणूक रद्द केली. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने निवडणूक रद्द करण्याचा निर्णय कायम ठेवला. पण मूळ उपकरणच न्यायालयात आणलं नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही, हेही स्पष्ट केलं. शक्य ते सगळे प्रयत्न करूनही प्रमाणपत्र मिळत नसेल तर पक्षकाराने न्यायालयाकडे दाद मागावी, न्यायालय ते मागवून घेईल, असा रस्ताही त्याच निकालाने दाखवला.

हा निकाल वाचताना एक गोष्ट लक्षात घ्या. कॅमेऱ्यातलं घड्याळ बरोबर होतं का, मूळ फाइल आणि सीडी एकच आहेत हे कसं कळणार, नक्कल करताना काही गळलं का, हे तांत्रिक प्रश्न आहेत. कायद्याने त्या सगळ्यांवर उत्तर म्हणून एक कागद मागितला. तो कागद त्या प्रश्नांची उत्तरं खरोखर देतो का? नव्या कायद्यात प्रमाणपत्रात हॅश मूल्य लिहायचं आहे. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी ते मूल्य बदलतं, त्यामुळे नक्कल ताडता येते. पण हॅश काढण्याआधीच फाइल बदललेली असेल तर ते काहीच सांगत नाही. संगणकशास्त्र आणि कायदा या दोन्हींची जाण असलेला माणूसच इथे काही नवं बोलू शकतो.

आता शिक्षणाकडे वळतो. या क्षेत्रात यायला चार दारं आहेत: विज्ञान, कायदा, वैद्यक आणि संख्याशास्त्र. माझं ठाम मत असं की, त्यातलं एक दार पूर्ण उघडून आत जावं आणि दुसऱ्या खोलीत नंतर पाऊल टाकावं. दोन्हीकडचं अर्धं-अर्धं शिकवणाऱ्या सहा महिन्यांच्या पदविकांच्या जाहिराती खूप दिसतात. ओळख व्हायला त्या ठीक आहेत, पण त्यांच्यावर संशोधनाची कारकीर्द उभी राहत नाही.

विज्ञानाच्या वाटेने येणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गांधीनगरचं गुजरात न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ २०२० मध्ये संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय विद्यापीठ झालं आणि त्याची एक शाखा गोव्यात आहे. सागरच्या डॉ. हरीसिंह गौर विद्यापीठात हा विषय १९५९ पासून शिकवला जातो. मात्र एक सांगतो: रसायनशास्त्र, जनुकशास्त्र किंवा भौतिकशास्त्रात पक्की एम.एस्सी. करून मग या क्षेत्रात आलेल्या माणसाचा पाया पुष्कळदा अधिक मजबूत असतो. डीएनएवर संशोधन करायचं तर आधी जनुकशास्त्र यायला हवं.

विज्ञानाच्या पदवीनंतर तीन वर्षांचं एलएल.बी. करणं हा दुसरा उत्तम रस्ता. राज्याच्या सीईटीतून पुण्या-मुंबईची जुनी विधी महाविद्यालयं मिळू शकतात. पुढे एलएल.एम.साठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत. कायद्याच्या विद्यार्थ्यांना विज्ञानाची भीती वाटते, ती पहिल्या वर्षातच मोडून काढावी लागते. प्रयोग करता आला नाही तरी चालेल. प्रयोग कसा केला, हे वाचून त्यातली फट ओळखता आली पाहिजे.

डॉक्टरांसाठी न्यायवैद्यकशास्त्रात एम.डी. आहे. शवविच्छेदनाच्या टेबलापाशी उभा राहणारा हा अभ्यासक पुराव्याच्या उगमापाशी असतो, आणि जयसिंग मोदींच्या १९२० च्या ग्रंथापासून आपल्याकडे या शाखेची मोठी परंपरा आहे. तरी पुराव्याच्या कायद्यावर लिहिणारे डॉक्टर फार थोडे. तिथे जागा मोकळीच पडली आहे.

नोकरीच्या दृष्टीने एक व्यावहारिक इशारा देतो, कारण तो वेळेवर फारसा कुणी देत नाही. सहायक प्राध्यापकाच्या जाहिरातीत ‘संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी आणि नेट’ असं लिहिलेलं असतं. एम.एस्सी. फॉरेन्सिकवाल्याने कायद्यात पीएचडी केली, पण एलएल.एम. नसेल, तर विधी महाविद्यालय दारात उभं करत नाही. आणि विज्ञान विभाग म्हणतो, तुमची पीएचडी कायद्यातली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नेट परीक्षेत न्यायसहायक विज्ञान हा स्वतंत्र विषय आहे, विधी हाही आहे. पीएचडीला नाव नोंदवण्यापूर्वीच ठरवा की, पुढे कोणत्या विभागाच्या दारावर तुमच्या नावाची पाटी लागावी असं तुम्हाला वाटतं. प्रबंधाचा विषय कितीही दोन्हींच्या मधला असो, पदवी, नेट आणि पीएचडी हे तिन्ही एका रांगेत ठेवा.

संख्याशास्त्राला मात्र कुणालाच टाळता येणार नाही, आणि इथे थोडं थांबतो. समजा डीएनएचा अहवाल सांगतो की, असा नमुना यादृच्छिक माणसाशी जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक आहे. सरकारी वकील म्हणतात, म्हणजे आरोपी निर्दोष असण्याची शक्यता दहा लाखांत एक. ऐकायला दोन्ही वाक्यं सारखी वाटतात. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख. त्या हिशेबाने एकट्या महाराष्ट्रात असा नमुना जुळणारी शंभराहून अधिक माणसं निघतील. आरोपीविरुद्ध दुसरा काहीही पुरावा नसेल तर तो त्या शंभरांपैकी एक आहे, एवढंच हा आकडा सांगतो. दुसरा पुरावा भक्कम असेल तर हाच आकडा फार मोलाचा ठरतो. ही सरमिसळ न्यायालयांत वारंवार होते. इंग्लंडमध्ये १९९९ मध्ये दोन तान्ह्या मुलांच्या मृत्यूबद्दल एका आईला शिक्षा झाली, कारण एका नामवंत बालरोगतज्ज्ञाने साक्ष दिली की, असे दोन नैसर्गिक मृत्यू एकाच घरात होण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक. त्याने एका मृत्यूच्या शक्यतेला तिनेच गुणलं होतं, जणू एकाच घरातल्या दोन भावंडांचा एकमेकांशी काही संबंधच नाही. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने जाहीर निषेध केला आणि २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली. तोवर त्या बाईची तीन वर्षं तुरुंगात गेली होती.

भारतात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. दहा लाखांत एक हा आकडा काढायला कोणत्या लोकसमूहाची जनुकीय माहिती वापरली? आपल्याकडे शतकानुशतकं जातीत, पोटजातीत लग्नं होत आली. त्यामुळे एका समूहात काही जनुकीय खुणा इतरांपेक्षा जास्त आढळू शकतात. गडचिरोलीतल्या आदिवासी गावातल्या खटल्यात मिश्र शहरी लोकसंख्येवरून काढलेला आकडा वापरला, तर तो आरोपीवर अन्याय करू शकतो. हे मोजणं संशोधकाचं काम आहे. त्यासाठी ‘आर’ ही मोफत संगणकभाषा शिका, आणि रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने वकील व तज्ज्ञांसाठी काढलेल्या पुस्तिका वाचा.

संख्याशास्त्राइतकाच माणसाच्या मनाचाही अभ्यास लागतो. मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वेगाड्यांत स्फोट झाले. एका पिशवीवरच्या बोटाच्या ठशावरून एफबीआयच्या अनुभवी तज्ज्ञांनी ओरेगॉनमधल्या एका वकिलाची ‘शंभर टक्के’ ओळख पटवली. स्पेनच्या पोलिसांना तो ठसा दुसऱ्याच माणसाचा सापडला. पुढे इटिएल ड्रोर या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. पाच अनुभवी ठसेतज्ज्ञांना त्यांनीच पूर्वी जुळवलेली ठशांची जोडी दिली, पण सांगितलं की, ही माद्रिदची चुकलेली जोडी आहे. २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले: पाचांपैकी तिघांनी आता ठसे जुळत नाहीत असं सांगितलं, एकाने निश्चित सांगता येत नाही म्हटलं, एकटाच आपल्या मतावर कायम राहिला. ठसे तेच, डोळे तेच; बदलली ती कानावर पडलेली माहिती. हे लोक अप्रामाणिक मुळीच नव्हते, म्हणून तर ही गोष्ट इतकी गंभीर आहे. आपल्या ठाण्यांतून प्रयोगशाळेला जाणाऱ्या पत्रात गुन्ह्याची हकिकत आणि आरोपीवरचा संशय लिहून पाठवतात. त्यातली नेमकी कोणती माहिती तज्ज्ञाला हवीच आणि कोणती त्याच्यापासून दूर ठेवावी, हे ठरवणारं संशोधन इथल्या प्रयोगशाळांत व्हायला हवं.

एखादी पद्धत शास्त्रीय दिसते म्हणून ती विश्वासार्ह असतेच असं नाही, याची उदाहरणं दूर शोधायला नकोत. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूच्या विद्युतलहरींवर आधारलेल्या ‘बीईओएस’ चाचणीच्या अहवालाचा आधार घेऊन जन्मठेप दिली. जगभरच्या मेंदूशास्त्रज्ञांनी भुवया उंचावल्या. २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या अशा चाचण्या संमतीशिवाय करणं घटनाबाह्य ठरवलं. तो निकाल मुख्यतः स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्कावर उभा आहे; चाचणी मुळात कितपत खरी, हा प्रश्न मागेच राहिला. अमेरिकेत केसांच्या सूक्ष्मदर्शी तुलनेबाबत एफबीआयने जुनी प्रकरणं उघडली आणि २०१५ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत आरोपीविरुद्ध साक्ष दिलेल्या पहिल्या २६८ खटल्यांपैकी २५७ खटल्यांत तज्ज्ञांनी विज्ञानाच्या मर्यादेपलीकडची विधानं केलेली आढळली. असा जुन्या साक्षींचा मागोवा आपल्याकडे कुणी घेतल्याचं माझ्या माहितीत नाही.

आपल्याकडे काय घडू शकतं, हे दिल्लीच्या छावला इथल्या बलात्कार व खून प्रकरणातून दिसतं. त्यात फाशीची शिक्षा झालेल्या तिघांना सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये निर्दोष सोडलं. नमुने फेब्रुवारी २०१२ मध्ये १४ आणि १६ तारखेला घेतले, प्रयोगशाळेत गेले २७ तारखेला, आणि तोवर ते पोलिसांच्या मालखान्यात होते. डीएनए अहवालामागची पद्धत नीट वापरली गेली का, हे खालच्या दोन्ही न्यायालयांनी तपासलंच नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने नोंदवलं. त्या निकालाने किती वेदना झाल्या, ते सर्वांनी पाहिलं. मुद्देमाल नीट ठेवला न गेल्याची आणि प्रश्न वेळेवर न विचारल्याची किंमत पीडितेचं कुटुंब आणि आरोपी, दोघेही मोजतात. या क्षेत्रात येणाऱ्याने दोन्हींचं दुःख मनात ठेवायला हवं.

विषय निवडताना घराजवळ बघा. मृत्यूला किती तास झाले, हे मृतदेहावरच्या माश्या आणि अळ्यांवरून सांगण्याचं शास्त्र मुख्यत्वे थंड देशांतल्या निरीक्षणांवर उभं आहे. विदर्भातल्या ४५ अंशांच्या उन्हात किंवा कोकणातल्या आषाढ-श्रावणातल्या पावसात तेच तक्ते कसे लागू पडणार? शेतकरी कुटुंबांत कीटकनाशकाच्या विषबाधेचे मृत्यू होतात, बातमीत ‘व्हिसेरा राखून ठेवला’ एवढं येतं. त्या व्हिसेराचं, म्हणजे तपासणीसाठी ठेवलेल्या अवयवांच्या नमुन्यांचं, पुढे काय होतं, अहवाल किती महिन्यांनी येतो आणि तोवर तपास कुठल्या दिशेला गेलेला असतो? पंच तेच ते असतात का? मुद्देमाल कक्षात फ्रीज आहे का? यातला प्रत्येक प्रश्न एका प्रबंधाचा आहे.

आणि इथे मराठी वाचकाच्या हातात मोठं साधन आहे. आपल्या तालुका आणि जिल्हा न्यायालयांतले पंचनामे, फिर्यादी, जबाब, साक्षी मराठीत असतात. ‘पंचांसमक्ष लाखेचे सील करून’, ‘सदर इसमाने स्वखुशीने काढून दिला’ अशा ठरावीक वाक्यांच्या आत खरी माहिती दडलेली असते: सील कोणाचं होतं, त्याचा नमुना प्रयोगशाळेला पाठवला का, किती वाजता पंचनामा सुरू झाला आणि कुठे बसून लिहिला. दिल्लीत किंवा परदेशात बसलेल्या संशोधकाला सर्वोच्च न्यायालयाचे इंग्रजी निकाल वाचता येतात, पण त्या निकालांखालचा हा थर वाचता येत नाही. तुम्हाला येतो. शंभर खटल्यांचे पंचनामे घेऊन बसलात तर कुणाकडेच नसलेली सामग्री तुमच्या टेबलावर असेल.

ही सामग्री मिळवणं सोपं नाही, पण शक्य आहे. निकाल ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सापडतात. निकाली निघालेल्या खटल्यांच्या कागदपत्रांच्या नकलांसाठी तिऱ्हाईत व्यक्तीला कारण सांगून न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो. विद्यापीठाचं पत्र आणि मार्गदर्शकाची सही सोबत असेल तर बरं पडतं. प्रयोगशाळांची प्रलंबित प्रकरणं, रिक्त पदं यांसारखी माहिती माहिती अधिकारात मागता येते. चालू तपासाची माहिती मागू नका, तपासात अडथळा आणेल अशी माहिती कायद्यानेच वगळलेली आहे. लैंगिक गुन्ह्यांच्या कागदपत्रांत पीडितेची ओळख उघड होईल असं काहीही तुमच्या वहीतसुद्धा ठेवू नका, आणि काम सुरू करण्यापूर्वी विद्यापीठाच्या नीतिशास्त्र समितीची मंजुरी घ्या. प्रयोगशाळेत काम करायचं असेल तर संचालकांना भेटताना तुमच्या संशोधनाचा त्यांना काय उपयोग होईल, हे पहिल्या पाच मिनिटांत सांगा. ती माणसं कामाखाली दबलेली असतात. चुका शोधायला आलोय, असा सूर लागला तर दार बंद होतं आणि ते रास्तच आहे.

पीएचडीला नियमाप्रमाणे किमान तीन आणि कमाल सहा वर्षं मिळतात. पाच धरून चाला. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या नावापेक्षा त्यांच्या विद्यार्थ्यांशी बोला. एक मार्गदर्शक तुमच्या मूळ विषयातले आणि दुसरे सहमार्गदर्शक पलीकडच्या विषयातले असावेत, यासाठी आग्रह धरा. पैशाचं म्हणाल तर नेटमधून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२,००० मिळतात. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था आपापल्या गटांतल्या संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. त्यांच्या जाहिरातींवर नजर ठेवा, मुदती कडक असतात.

परदेशी जायचं असेल तर स्वित्झर्लंडमधलं लोझान विद्यापीठ (तिथे हा विषय १९०९ पासून आहे), स्कॉटलंडमधलं डंडीचं लेव्हरह्यूम केंद्र आणि लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज ही नावं आधी बघा. पुरावा आणि विज्ञान यांच्या इतिहासात रस असेल तर विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या मित्रा शराफी यांचं वसाहतकालीन भारतातल्या न्यायसहायक विज्ञानावरचं लेखन अवश्य वाचा. मुंबईच्या जुन्या कागदपत्रांत अजून किती काम पडलं आहे, ते कळेल. राष्ट्रकुल, चेव्हनिंग आणि फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्त्या आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे.

लेख कुठे छापायचा, हा प्रश्न तिसऱ्या वर्षी येतो. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या मासिकांना हात लावू नका. आज निवड समितीला ती नावं ओळखता येतात. ‘फॉरेन्सिक सायन्स इंटरनॅशनल’, ‘सायन्स अँड जस्टिस’, ‘लॉ, प्रॉबॅबिलिटी अँड रिस्क’, ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ एव्हिडन्स अँड प्रूफ’ यांतले लेख नियमित वाचले की, कोणत्या घरात आपला लेख शोभेल ते समजतं. आणि प्रत्येक संशोधनाचं एक मराठी रूपही लिहा. तपासी अंमलदार, सरकारी वकील आणि तालुक्याचे वकील तेच वाचणार आहेत. पोलीस प्रशिक्षण केंद्रं आणि न्यायिक अकादमी व्याख्यानाला बोलावू लागतील ती त्या लेखांमुळे.

नाव झालं की वकीलही येतात. कुणाचा अहवाल खोडून काढा, कुणाचा भक्कम करून द्या. सल्ला द्यायला हरकत नाही. तुमच्या अभ्यासाचा उपयोग शेवटी तिथेच आहे. मात्र कोणत्याही पक्षाने विचारलं तरी तेच उत्तर देता येईल अशाच प्रकरणात हात घाला. फी कामाच्या तासांवर ठरवा, निकालावर कधीही नाही. लेखी मत देताना मर्यादा पहिल्या परिच्छेदात लिहा आणि मिळालेली सगळी कागदपत्रं यादी करून जोडा, म्हणजे समोरच्या वकिलाला उलटतपासणीत ती मागावी लागणार नाहीत. आणि पहिली साक्ष देण्यापूर्वी जिल्हा न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर बसा आणि दुसऱ्या तज्ज्ञांच्या उलटतपासण्या ऐका. परवानगी लागत नाही, सुनावणी बहुतेक वेळा खुलीच असते.